मुंबई ते जेद्दा : पाच तास आणि चार दिवस

मागच्या महिन्यात अम्मीचं उमराहचं तिकीट काढायला बसलो होतो. उमराह म्हणजे हजचे ठरावीक दिवस सोडून वर्षात केव्हाही करता येणारी मक्केची यात्रा. मोबाईलवर मुंबई आणि जेद्दा ही दोन नावं टाकली. पडद्यावर एक रेघ उमटली आणि तिच्याखाली वेळ आली : पाच तास वीस मिनिटं. अम्मी शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "किती वेळ लागतो?"

"पाच-सव्वापाच तास."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सुपातून नजर न काढता म्हणाली, "पाचच तास? मग तेव्हा तुझ्या अब्बांना चार दिवस कसे लागले?"

हा प्रश्न आमच्या घरात गेली अठ्ठावीस-तीस वर्षं आहे. फक्त मोठ्याने कोणी विचारला नव्हता.

१९९६ चा नोव्हेंबर होता. बुधवारी पहाटे दादा, म्हणजे माझे आजोबा, वारले. आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी, दाभोळपासून जवळ. अब्बा तेव्हा जेद्दात नोकरीला होते. चाचांनी एसटीडी बूथवरून फोन लावला, दुपारपर्यंत निरोप पोचला. आमच्याकडे मय्यत ताटकळत ठेवत नाहीत, शक्य तितक्या लवकर दफन करतात. तरी दादीने हट्ट धरला. मुलगा विमानाने येईल, बापाला त्याच्या हातची माती मिळू दे. एक रात्र वाट पाहिली. गुरुवारी सकाळी जनाजा उठला. अब्बा रविवारी संध्याकाळी आले आणि घरात न शिरता थेट कब्रस्तानात गेले.

दादीने त्यांना काही विचारलं नाही. २००३ मध्ये ती गेली. तोवर ते तिच्या मनात राहिलं होतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. अब्बांनी कधी खुलासा केला नाही. २०१९ मध्ये तेही गेले.

त्या दिवशी मी अम्मीला उत्तर देऊ शकलो नाही. नंतर शोधायला लागलो, तेव्हा अब्बांच्या चार दिवसांपासून सुरुवात करून कित्येक शतकं मागे गेलो. कारण मुंबई-जेद्दा हा रस्ता आमच्या लोकांसाठी जुना आहे, आणि त्या रस्त्यावरच्या वेळेचा हिशेब फक्त किलोमीटरने कधीच झालेला नाही.

नकाशा काय सांगतो

आधी साधं गणित पाहू. मुंबई विमानतळ ते जेद्दा विमानतळ हे हवेतलं सर्वांत जवळचं अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, मुंबई १९ अंशांवर आणि जेद्दा साधारण साडेएकवीस अंशांवर. म्हणजे विमानाला जवळजवळ सरळ पश्चिमेकडे जायचं असतं. अरबी समुद्र ओलांडायचा, ओमानवरून अरबस्तानच्या वाळवंटात शिरायचं आणि पलीकडच्या किनाऱ्यावर, लाल समुद्राशी उतरायचं. जाताना वारा बहुधा समोरून असतो, म्हणून पाच तासांहून थोडं जास्त लागतं. येताना तोच वारा पाठीशी घेऊन विमान साडेचार तासांच्या आसपास परततं. जेद्दाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. रात्री दहाला मुंबई सोडली तर तिथल्या घड्याळात साडेबारा-एकला तुम्ही जेद्दात असता.

जहाजाला असं सरळ जाता येत नाही. त्याला अरबस्तानच्या दक्षिण टोकाला वळसा घालून एडनला जावं लागतं, मग बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून लाल समुद्रात शिरावं लागतं. या नावाचा अर्थ 'आक्रोशाचं दार' असा सांगतात. मुंबई ते एडन सुमारे १,६५० सागरी मैल आणि तिथून जेद्दापर्यंत आणखी ७००. एकूण २,३५० सागरी मैल, म्हणजे ४,३०० किलोमीटरच्या वर. ताशी बारा सागरी मैलांनी दिवस-रात्र चालणारं जहाज हे अंतर आठ-नऊ दिवसांत कापतं.

विमानाचे पाच तास आणि जहाजाचे नऊ दिवस. पण या रस्त्यावरून प्रत्यक्ष गेलेल्या माणसांना किती वेळ लागला हे पाहिलं, तर आकडे भलतेच निघतात.

वारा सौर वर्षाचा, हज चांद्र वर्षाचा

मोगल काळात हिंदुस्थानातून हजला जाण्याचं मुख्य बंदर सुरत होतं. त्याला 'बाब-उल-मक्का', मक्केचं दार, म्हणत. शिडाच्या जहाजाला इंजिन नव्हतं, त्याचा मालक वारा. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर जहाजं लाल समुद्राकडे निघत आणि पावसाळ्याच्या शेवटी नैऋत्येच्या वाऱ्यावर परत येत. ऐन पावसात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंदच असत. त्यात लाल समुद्राच्या वरच्या भागात वारा जवळपास वर्षभर उत्तरेकडून येतो. म्हणजे तोंडाशी असलेल्या मोखा बंदरापर्यंत पोचलेलं जहाज पुढे जेद्दाकडे जाताना वाऱ्याशी झगडत जाई.

आता इथे एक गंमत आहे. वारा सौर वर्षाने चालतो, दरवर्षी त्याच महिन्यांत येतो. हज मात्र चांद्र वर्षाने येतो, दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. सुमारे तेहतीस वर्षांत तो सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. एखाद्या वर्षी वारा आणि हज जुळले, तर माणूस काही महिन्यांत घरी परते. दुसऱ्या वर्षी त्याच माणसाला मक्केत अर्धं वर्ष हजची वाट पाहावी लागे, किंवा हज झाल्यावर परतीच्या वाऱ्यासाठी थांबावं लागे. समुद्रावरचा प्रवास महिन्याभराचा असला, तरी घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत वर्ष सहज जाई. म्हणून निघताना लोक देणी फेडत, वाटण्या करून ठेवत आणि गावभर फिरून 'कहासुना माफ करा' म्हणत. परत येऊ याची खात्री नसलेल्या माणसाची ती तयारी होती.

पहिला कागद

वाऱ्याशी जुळवून घेता येत होतं. सोळाव्या शतकात या रस्त्यावर नवीन अडथळा आला, तो कागदाचा.

पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर आपला हक्क सांगितला. त्यांचा परवाना, ज्याला कर्ताज म्हणत, जवळ नसेल तर ते जहाज पकडत. त्या कागदावर येशू आणि मरियम यांची चित्रं असत. अकबराच्या दरबारातल्या बदायुनीने नोंदवलं आहे की मखदूम-उल-मुल्क या बड्या मौलवीने याच कारणावरून हज आता बंधनकारक राहिला नाही असं मत दिलं होतं. खुश्कीच्या मार्गावर इराणचे शिया आणि समुद्रावर पोर्तुगिजांचा चित्रांचा परवाना, दोन्ही त्याला मान्य नव्हते. बदायुनीने हे त्याची टर उडवण्यासाठी लिहिलं असलं, तरी कागदाचा जाच त्यातून दिसतोच.

बादशहाच्या घरातल्यांचीही त्यातून सुटका नव्हती. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम, जिने पुढे 'हुमायूननामा' लिहिला, ती १५७५ मध्ये राजघराण्यातल्या स्त्रियांना घेऊन फतेहपूर सिक्रीहून निघाली. सुरतेत त्यांना परवान्यासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागलं. १५७६ मध्ये जहाज सुटलं. अरबस्तानात त्या तीन वर्षांहून जास्त राहिल्या, परतताना एडनजवळ जहाज फुटून अडकल्या आणि १५८२ मध्ये सिक्रीला पोचल्या. हिंदुस्थानच्या सर्वांत ताकदवान घराण्यातल्या या स्त्रियांना जाऊन यायला सात वर्षं लागली.

परवाना हाती असला तरी खात्री नव्हती. जहांगीरच्या आईचं 'रहीमी' हे मोठं जहाज पोर्तुगिजांनी १६१३ मध्ये परवाना असूनही धरलं. आणि ज्यांना कागदाशी देणंघेणंच नव्हतं, असे चाचे वेगळे. १६९५ मध्ये हाजींना घेऊन परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं.

आमच्या कोकणाची गोष्टही यात आहे. दाभोळ हे आदिलशाहीचं महत्त्वाचं बंदर, मक्केकडे जाणारी जहाजं इथूनही सुटत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी ते जाळलं होतं. आज तिथे खाडीकाठी एक देखणी दगडी मशीद उभी आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात, कोणी मासाहेबांची मशीद म्हणतात. गावात सांगतात ते असं : विजापूरची एक राजकन्या लवाजमा घेऊन हजसाठी दाभोळला आली. समुद्रावर लुटारूंची भीती इतकी होती की जहाज सोडता येईना. ती थांबली, आणि शेवटी हजसाठी आणलेला पैसा तिने मशिदीवर खर्च केला. तारखा आणि तपशील यांबद्दल वेगवेगळी मतं आहेत. पण लहानपणी त्या मशिदीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही समोरचं पाणी पाहायचो, तेव्हा दादा म्हणायचे, "इथपर्यंत येऊन राहिली बिचारी." तिच्यासाठी दाभोळ ते जेद्दा हे अंतर कधी संपलंच नाही.

वाफ आली, वेग आला

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि वाऱ्याची मालकी संपली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, लाल समुद्र हा जगाचा हमरस्ता बनला आणि भाडी उतरली. आधी अमीर-उमराव, व्यापारी आणि फकीर जात, आता शेतकरी आणि कोष्टीही निघू लागले. सुरत मागे पडली, मुंबई हे हजचं बंदर झालं. १८७७ मध्ये 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी' निघाली, तीच पुढे मोगल लाइन म्हणून घरोघरी माहीत झाली. १८८६ मध्ये सरकारने हाजींच्या प्रवासाचं काम थॉमस कुक कंपनीकडे दिलं. १९३० च्या दशकात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने 'अल मदिना' हे जहाज याच मार्गावर उतरवलं आणि दोन कंपन्यांत भाड्यांचं युद्ध पेटलं. काही काळ तरी त्याचा फायदा गरीब हाजींना झाला.

म्हणजे आता नऊ-दहा दिवसांत जेद्दा यायला हवं. पण वेगाबरोबर नवा कागद आला. १८६५ मध्ये मक्केत पटकीची भयंकर साथ पसरली, हजारो माणसं मेली. परतणाऱ्या लोकांबरोबर साथ सुएझ आणि अलेक्झांड्रियामार्गे युरोपात पोचली. शिडाच्या काळात रोगी माणूस वाटेतच मरे किंवा बरा होई, आगबोट मात्र त्याला रोगासकट पोचवत होती. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या हाजींवर सगळ्या जगाची नजर बसली. १८८२ पासून उस्मानी सरकारने येमेनजवळच्या कमरान बेटावर विलगीकरण सुरू केलं. दक्षिणेकडून येणारी हाजींची जहाजं तिथे थांबवत. कपडे वाफेच्या भट्टीत, माणसं झोपड्यांत, आणि कित्येक दिवस वाळूत बसून राहणं. जेद्दा पुढच्या पाण्यावर असे, आणि जाता येत नसे.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला. १८९७ मध्ये सरकारने मुंबईहून हजला जाण्यावर बंदीच घातली. जहाजं गोदीत, हाजी मुसाफिरखान्यात, वाफ तयार. आणि त्या वर्षी अंतर अनंत झालं, दाभोळच्या राजकन्येसारखंच.

या कागदांना सरसकट शिव्या घालणं मला बरोबर वाटत नाही. पटकी खरी होती, प्लेग खरा होता. १९२० च्या दशकात परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली, तेव्हा हा गरिबांना रोखण्याचा डाव आहे अशी ओरड झाली. पण पैसे संपल्यामुळे जेद्दाच्या रस्त्यांवर अडकून पडणारे हिंदी हाजीही खरेच होते. कागद माणसाला वाचवतो आणि अडवतो, दोन्ही करतो. तो कोणाच्या हातात आहे आणि ज्याचा प्रवास आहे त्याला काही विचारलं जातं का, हे प्रत्येक वेळी पाहावं लागतं.

दादांचे नऊ दिवस

दादा १९६७ मध्ये गेले. त्या वर्षी हज मार्चमध्ये होता. दाभोळहून आगबोटीने भाऊचा धक्का, तिथून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात काही दिवस. टोचून घेतल्याचे दाखले, फोटो, पास. मग मोगल लाइनचं जहाज.

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तो पास अजून आहे. त्याला पिलग्रिम पास म्हणत. हाजींना साध्या पासपोर्टऐवजी हा पास मिळे, तो फक्त या एका यात्रेपुरता. सरकारचं सगळं लक्ष कागदावर असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटाही काढल्या होत्या, क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरं असलेल्या. त्या भारतात चालत नसत.

जहाजावरच्या नऊ दिवसांबद्दल दादा बोलत, तेव्हा आम्ही मुलं दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. पहिली, समुद्रातल्या दफनाची. चौथ्या की पाचव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ वारले. नमाज झाली, कफनाला वजन बांधलं, जहाजाचा वेग कमी केला आणि मय्यत पाण्यात सोडली. दादा म्हणायचे, "त्यांच्या घरी आम्ही परत आल्यावरच कळलं असेल. तोवर ते घरच्यांसाठी जिवंतच होते."

दुसरी गोष्ट यलमलमच्या भोंग्याची. मक्केच्या चहूबाजूंना काही ठिकाणं ठरलेली आहेत, त्यांना मीकात म्हणतात. तिथून पुढे जाण्याआधी यात्रेकरूने इहराम, म्हणजे दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं, नेसायची असतात. समुद्राने जाणाऱ्या हिंदी हाजींचं ठिकाण यलमलम. ते डोंगर जहाजावरून दिसतातच असं नाही, म्हणून जहाज त्यांच्या समोर येण्याआधी भोंगा वाजवत. दादा सांगत, भोंगा वाजला आणि तासाभरात सगळं जहाज पांढरं झालं. कालपर्यंत कोण केबिनवाला आणि कोण डेकवाला ते कपड्यांवरून कळत होतं, आता कळेना.

विमानात मीकात मिनिटाला तेरा-चौदा किलोमीटरच्या वेगाने खालून निघून जातं. म्हणून लोक मुंबई विमानतळावरच इहराम नेसतात. विमानात घोषणा होते, पण ज्याला झोप लागली त्याला ती ऐकूही येत नाही.

विमानातही रांग

विमानांची संख्या वाढली तशी जहाजं कमी होत गेली. १९९५ मध्ये मुंबईहून हजचं जहाज शेवटचं गेलं. विमान महाग होतं, त्यातला फरक सरकार अनुदान म्हणून भरत होतं. ते अनुदान हाजीच्या हातात कधी आलं नाही, विमानभाड्यातच वळतं होत राहिलं. पण टोमणे मात्र हाजीने खाल्ले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दहा वर्षांत बंद करायला सांगितलं, २०१८ मध्ये सरकारने ते बंद केलं.

१९८१ मध्ये जेद्दाला नवा विमानतळ सुरू झाला. त्यातल्या हज टर्मिनलचं छत २१० पांढऱ्या तंबूंचं आहे. त्याची रचना करणाऱ्यांत ढाक्याचे फजलुर रहमान खान हे नामांकित अभियंते होते, शिकागोच्या सिअर्स टॉवरमागे ज्यांचं डोकं होतं तेच. एवढं मोठं, उघडं, सावलीचं छत का लागलं? कारण विमानं थोड्या आठवड्यांत लाखो माणसं आणून सोडणार आणि त्यांचे कागद तपासून होईपर्यंत ती तासन्‌तास बसून राहणार, हे आधीच माहीत होतं. माणूस पाच तासांत आला तरी त्याला थांबावं लागणारच, म्हणून थांबण्याचीच इमारत बांधली. खानसाहेब १९८२ मध्ये जेद्दातच हृदयविकाराने वारले. दफन शिकागोत झालं.

त्यात कोट्याची भर पडली. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठरवलं की प्रत्येक देशातून दर दहा लाख मुसलमानांमागे एक हजार हाजी यावेत. गर्दीत माणसं चिरडून मरत होती, त्यामुळे मर्यादा हवीच होती. अलीकडच्या वर्षांत भारताचा कोटा १,७५,०२५ आहे. हज कमिटीकडे अर्ज त्याहून जास्त आले की कुर्रा, म्हणजे सोडत, निघते. बायकांसाठी आणखी एक अट होती, जवळचा पुरुष नातेवाईक बरोबर हवा. २०१८ पासून भारताने पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना चौघींच्या गटाने जाण्याची परवानगी दिली. माझी एक विधवा फुफी त्यानंतरच जाऊ शकली. तिचं जेद्दा आधीही पाच तासांवरच होतं.

आणि २०२० आलं. मार्चमध्ये नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी सौदीबाहेरच्या कोणालाही हज करता आला नाही. १८९७ ची गोष्ट तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळली.

अब्बांचे चार दिवस

आता अम्मीचा प्रश्न.

अब्बांचा जुना पासपोर्ट मी कपाटातून काढला. त्यात सौदीचा 'एक्झिट री-एंट्री' शिक्का सापडला. सौदीत काम करणाऱ्या परदेशी माणसाला देशाबाहेर जाऊन परत यायचं तर हा शिक्का लागे, आणि तो कफीलच्या, म्हणजे त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या, संमतीशिवाय मिळत नसे. पासपोर्टही बहुधा मालकाकडेच राही. शिक्क्यावरची तारीख हिजरी होती, जमादिलाखर १४१७ ची. इसवीत बसवली, तेव्हा शनिवार निघाला.

त्या काळी अब्बांबरोबर एका खोलीत राहणारे चाचा आता रत्नागिरीला असतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बुधवारी दुपारी निरोप आला. तुझे अब्बा तसेच ऑफिसला धावले. कफील वाईट माणूस नव्हता, पण तो गावाबाहेर होता. पासपोर्ट ज्या माणसाच्या कपाटात, तो घरी निघून गेला होता. तेव्हा सौदीत गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, ठाऊक आहे ना? दोन दिवस सगळं बंद. तुझे अब्बा दोन्ही रात्री ऑफिसच्या दाराशी जाऊन आले. बंद आहे माहीत होतं, तरी गेले."

शनिवारी सकाळी ऑफिस उघडलं, दुपारी शिक्का पडला, रात्री विमान मिळालं. रविवारी पहाटे मुंबई. कोकण रेल्वे अजून पूर्ण झाली नव्हती. पुढचा रस्ता एसटीने, आणि तो विमानापेक्षा लांब निघाला. संध्याकाळी ते कब्रस्तानात होते.

चार दिवसांचा हिशेब असा आहे : पाच तास विमानाचे, एक दिवस मुंबई विमानतळ ते गाव, बाकी सगळा वेळ एका कपाटाचा आणि एका शिक्क्याचा.

मार्च २०२१ मध्ये सौदीने नियम बदलले. बऱ्याच खाजगी कामगारांना आता मालकाला न विचारता देशाबाहेर जाऊन परत येता येतं. घरकामगार आणि ड्रायव्हर यांसारखे काही लोक त्यातून वगळले गेले. आमच्या खाडीपट्ट्यात असं घर क्वचितच सापडेल जिथलं कोणी आखातात नाही. त्या प्रत्येक घरात एखादी मय्यत आहे, जिच्यासाठी कोणीतरी वेळेवर पोचलं नाही. त्या माणसांना नंतर पैशावरून, नोकरीवरून बोलणी बसली. कागदाचं नाव क्वचितच निघालं, कारण कागद गावात कोणी पाहिलेला नसतो. गावाला आकाशातलं विमान दिसतं आणि त्याचे पाच तास माहीत असतात.

अब्बांनी हे का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही. बापाच्या मातीला न पोचलेल्या मुलाला कदाचित कारणं सांगावीशी वाटत नसतील.

परवा मी हे सगळं अम्मीसमोर मांडलं. पासपोर्ट उघडून शिक्का दाखवला. दादांचा पिलग्रिम पासही ट्रंकेतून काढून शेजारी ठेवला. तिला अरबी आकडे वाचता येतात, तिने तारखेवरून बोट फिरवलं.

"शनिवार होता?" तिने विचारलं.

"शनिवार."

"आणि दोन रात्री दाराशी गेले होते?"

"चाचा म्हणाले तसं."

ती बराच वेळ शिक्क्याकडे पाहत राहिली. मग पासपोर्ट मिटून माझ्या हातात दिला. म्हणाली, "तिथे पोचले की पहिला उमराह माझा. दुसरा त्यांच्या नावाचा करीन. आणि तू गावी जाशील तेव्हा दादीच्या कबरीवर जाऊन हे सांगून ये."